रूम कुठं करावी?

बारावीचा निकाल लागला की बोरीसारख्या गावात घरोघरी दोन प्रश्न उभे राहतात. प्रवेश कुठं घ्यायचा, हा पहिला. त्यावर शाळेत, पारावर, सोयऱ्याधायऱ्यांत भरपूर खल होतो. टक्के, सीईटी, कॅप राउंड, फी, जातपडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, सगळं पुन्हा पुन्हा चाळलं जातं. लेकरू तिथं राहणार कुठं, हा दुसरा. तो मात्र प्रवेशाची पावती हातात पडल्यावर, त्याच दुपारी, परतीच्या गाडीच्या आत उरकला जातो. गावातला कोणी पोरगा आधीपासून तिथं असतो, त्याच्या खोलीत एक कॉट रिकामी असते, तिथं बॅग ठेवली जाते. नाहीतर ‘सध्या अप-डाऊन कर, दिवाळीनंतर पाहू’ असं ठरतं. माझ्या मते हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या तोडीचा आहे आणि त्याला एक साधी कसोटी लावता येते. रात्री नऊच्या सुमारास ग्रंथालयातून किंवा प्रयोगशाळेतून निघालेला विद्यार्थी पायी, कोणत्याही गाडीची वाट न पाहता आणि न घाबरता खोलीवर पोचतो का? पोचत असेल तर ती वस्ती विद्यापीठाजवळ आहे. पोचत नसेल तर नकाशावर ती कितीही जवळ दिसो, भाडं कितीही कमी असो, ती दूर आहे. भाडं, खोलीची लांबी-रुंदी, नातेवाइकांचा शेजार हे सगळं या कसोटीनंतर पाहायचं.

कसोटी रात्रीची का, हे सांगायला हवं. सकाळी वर्गाला सगळेच पोचतात. बोरीहून निघालेला पोचतो, विद्यापीठाच्या दारात राहणाराही पोचतो. फरक पडतो तो वर्ग सुटल्यावर. विद्यापीठातला वर्ग हा दिवसाचा एक तुकडा असतो. बाकीचं शिक्षण ग्रंथालयाच्या टेबलावर होतं, लांबलेल्या प्रात्यक्षिकात होतं, पाचला सुरू होऊन सातला संपणाऱ्या एखाद्या पाहुण्याच्या व्याख्यानात होतं, विभागाच्या पायऱ्यांवर वरच्या वर्गातल्यांशी बोलताना होतं. कोणत्या शिष्यवृत्तीची मुदत संपत आली, कोणत्या प्राध्यापकांकडे संशोधनाचं काम निघालं, नेट-सेटची तयारी कधीपासून धरावी, पदव्युत्तरसाठी दुसऱ्या राज्यातल्या कोणत्या संस्थेत अर्ज करता येतो, हे कुठल्या अभ्यासक्रमात छापलेलं नसतं. ज्या घरात आधीच दोन पदवीधर आहेत तिथल्या मुलाला ही माहिती जेवताना मिळते. ज्या घरातून पहिलंच माणूस विद्यापीठात चाललं आहे, त्याला ती मिळण्याची जागा विद्यापीठाचा परिसर आणि वेळ संध्याकाळची. म्हणजे जवळ राहण्याची गरज ज्यांना सगळ्यात जास्त, तेच बहुधा सगळ्यात लांब राहतात. हा सगळा लेख या एका विसंगतीसाठी आहे.

बोरी परभणी-जिंतूर रस्त्यावरचं गाव. त्यामुळं इथल्या बहुतेकांची पहिली वाट परभणीची. परभणीतही सगळी महाविद्यालयं एका ठिकाणी नाहीत. ज्ञानोपासक महाविद्यालय जिंतूर रोडलाच आहे, त्यामुळं बोरीहून येणारा विद्यार्थी शहरात शिरता शिरताच उतरतो. शिवाजी महाविद्यालय आणि कृषी विद्यापीठ वसमत रोडच्या बाजूला, म्हणजे स्टँडवर उतरून पुढं आणखी एक टप्पा. हा टप्पा हिशेबात कोणी धरत नाही. एका बाजूचा प्रवास, गाडीची वाट पाहणं आणि शहरातलं अंतर मिळून सव्वा तास जरी धरला, तरी रोजचे अडीच तास झाले. महिन्यात पंचवीस दिवस धरले तर साठ तासांच्या वर. यातला काही वेळ वाचनात जाऊ शकतो असं म्हणतात, पण उभ्यानं, गर्दीच्या एसटीत, खड्ड्यांच्या रस्त्यावर नोट्स वाचून पाहाव्यात. तासांपेक्षाही मोठं नुकसान गाडीच्या वेळेनं होतं. अप-डाऊन करणाऱ्याचं लक्ष शेवटच्या तासाला घड्याळाकडे असतं. चारचं प्रात्यक्षिक पाचच्या पुढं गेलं की त्याची चुळबुळ सुरू होते. तो कोणत्या मंडळात नसतो, खेळाच्या सरावाला नसतो, कार्यक्रमाच्या तयारीला नसतो. चार वर्षांनी पदवी दोघांनाही तीच मिळते, पण मधल्या काळात किती माणसं ओळखीची झाली, हे मोजलं तर अंतर कळतं.

राहणं हा शिक्षणाचाच भाग आहे, हे परभणीचं कृषी विद्यापीठ स्वतः मानतं. परभणीत कृषी महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं, मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं आणि २०१३ साली त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. तिथल्या कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात पाठवतात. शेतकऱ्याचं शेत एकदा पाहून भागत नाही. पेरणी, फवारणी, कीड, बाजारभाव यांच्या संगतीत काही आठवडे काढावे लागतात, म्हणून हा नियम. शहरातल्या मुलानं शेती समजून घेण्यासाठी खेड्यात राहायला हवं, हे आपल्याला लगेच पटतं. मग खेड्यातल्या मुलानं विद्यापीठ समजून घेण्यासाठी विद्यापीठापाशी राहायला हवं, हे पटायला अवघड का जावं? जगातली जुनी विद्यापीठं याबाबत फार काटेकोर होती आणि आहेत. केंब्रिजमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यानं सत्रभर ग्रेट सेंट मेरीज या चर्चपासून तीन मैलांच्या आत राहायचं असा नियम आहे. ऑक्सफर्डमध्ये कारफॅक्स या चौकापासून सहा मैल. परीक्षेइतकंच हे राहणंही पदवीसाठी लागतं.

इतकं लांब जायचीही गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय मराठवाड्यात काढायचं ठरवलं, तेव्हा या भागात उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हती. पुढं शिकायचं तर हैदराबादला उस्मानियात जावं लागे. १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू झालं आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. ते आजचं मिलिंद महाविद्यालय. त्याभोवतीचा परिसर म्हणजे नागसेनवन. इथं वर्गांच्या बरोबरीनं वसतिगृहंही आली, कारण खेड्यातल्या दलित मुलाला गावातून रोज ये-जा करून शिकता येणार नाही आणि शहरात त्याला खोलीही मिळणार नाही, या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांना पुरत्या ठाऊक होत्या. तिथं राहिलेल्यांच्या पिढ्यांनी पुढं मराठी साहित्य, प्रशासन आणि चळवळ यांत काय केलं, हे वाचकांना सांगायला नको. गंगाधर पानतावणे मिलिंदमध्ये शिकवत असताना ‘अस्मितादर्श’ उभं राहिलं. असं नियतकालिक तासिकांच्या वेळापत्रकातून निघत नाही, त्याला वर्गानंतरच्या भेटी लागतात. त्याआधी १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थी उभे राहिले, तेही औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांतून. काढून टाकलेल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगं उभी केली आणि पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, त्यामागंही हेच निदान होतं. महाराष्ट्रात खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाचा ज्यांनी खोल विचार केला, त्या सगळ्यांनी राहण्याची सोय आधी पाहिली.

आता पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. पण पैसा किती लागतो, याच्या जोडीला तो कधी लागतो हेही पाहिलं पाहिजे. बोरीच्या आसपासची शेती सोयाबीन, कापूस आणि तुरीची. प्रवेश जून ते ऑगस्टच्या दरम्यान होतात. नेमक्या याच दिवसांत घरातला पैसा बियाणं, खत आणि मजुरीत जमिनीत गेलेला असतो. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, कापसाचा त्यानंतर, तुरीचा त्याहून पुढं. घरमालक मात्र डिपॉझिट आणि पहिलं भाडं जुलैत मागतो, मेसवाला महिन्याचे पैसे आगाऊ मागतो. ‘दिवाळीनंतर पाहू’ हा निर्णय या तारखांतून येतो. आई-बापांना लेकराच्या शिक्षणाची पर्वा नाही असा त्याचा अर्थ नाही. अडचण अशी, की दिवाळीनंतर पाहणं होत नाही. तोवर पहिलं सत्र संपत आलेलं असतं, विद्यापीठाजवळच्या बऱ्या खोल्या भरलेल्या असतात, वर्गातले गट ठरून गेलेले असतात आणि अप-डाऊनची सवय अंगवळणी पडलेली असते. म्हणून कर्ज काढायचंच, उसनवारी करायचीच, तर ती पहिल्या सत्रासाठी करावी आणि गरज पडली तर शेवटच्या वर्षी काटकसर करावी, असं मी म्हणेन. डिपॉझिट दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता दिवाळीनंतर, असं घरमालकाशी बोलून पाहण्यात काही गैर नाही. गावाकडच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं खोल्या देणाऱ्यांना सुगीचा हिशेब कळतो.

पैशाचा दुसरा भाग लांबच्या स्वस्त खोलीचा. समजा विद्यापीठाजवळ एका कॉटला दोन हजार पडतात आणि चार-पाच किलोमीटरवर बाराशे. आठशे रुपये वाचले असं वाटतं. शेअर रिक्षाला एका बाजूला वीस रुपये धरले, तर पंचवीस दिवसांचे हजार रुपये झाले. बचत संपलीच, वर दोनशेचा भुर्दंड. सायकल असेल तर गणित बदलतं, हे खरं. आणि मुलगा दणकट असेल, रस्ता बरा असेल तर सायकल हा फार चांगला उपाय आहे. पण रात्री नऊची कसोटी तिलाही लावावी.

परभणीत जागा निवडायची, तर आधी महाविद्यालय कोणत्या रस्त्यावर आहे ते पाहून मग वस्ती. कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला तर पहिला हक्क वसतिगृहाचा. परिसर मोठा आहे, प्रात्यक्षिकं सकाळी लवकर प्रक्षेत्रावर असतात आणि आतला मुक्काम सगळ्यात सोयीचा. वसतिगृहात जागा नसेल तर काळी कमान, वसमत रोड, कारेगाव रोड या बाजूला पाहावं, स्टँड-स्टेशनभोवती नको. गावाला जायला बरं, म्हणून स्टँडजवळ खोली घेणारे पुष्कळ असतात. पण गावाला महिन्यातून दोनदा जायचं असतं आणि विद्यापीठात रोज.

नांदेडचा प्रश्न वेगळा आहे. परभणी जिल्ह्यातली महाविद्यालयं ज्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत, ते १७ सप्टेंबर १९९४ ला स्थापन झालं आणि त्याचा परिसर विष्णुपुरीला, शहराबाहेर आहे. त्याच भागात श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आता तिकडंच आहे. नांदेड शहरात, गुरुद्वारा किंवा बाजाराजवळ खोली घेऊन रोज विष्णुपुरीला जाणं म्हणजे शहरात राहून अप-डाऊन करणं. तिथं वसतिगृह, विष्णुपुरी किंवा त्या बाजूची लगतची वस्ती, एवढाच पर्याय मला योग्य वाटतो, मग शहराची मौज थोडी कमी मिळाली तरी चालेल.

सगळ्यात गुंतागुंत छत्रपती संभाजीनगरची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं. त्याचा परिसर शहराच्या वायव्येला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागं औरंगाबाद लेणी, वाटेवर नागसेनवन आणि पाणचक्की, जवळच बीबी का मकबरा. रेल्वे स्टेशन शहराच्या दक्षिण टोकाला. परभणी-जालन्याकडच्या माणसांनी गेल्या तीन-चार दशकांत नोकरी-धंद्यासाठी या शहरात घरं केली ती बहुतांश सिडको, हडको, गारखेडा, पुढं सातारा परिसर आणि बीड बायपासकडे. त्यामुळं बोरीच्या विद्यार्थ्याचे मामा किंवा चुलते ज्या वस्तीत असतात, ती बहुधा विद्यापीठापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. २०१९ पासून शहरात स्मार्ट सिटीच्या बस धावतात, त्यांचा आधार आहे, पण रात्रीच्या वेळी तो पुरत नाही. विद्यापीठाच्या पायी अंतरातल्या वस्त्या म्हणजे बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, जयसिंगपुरा आणि नागसेनवन-छावणीचा पट्टा. जुन्या वस्त्या आहेत, गल्ल्या अरुंद आहेत, खोल्या लहान आहेत, एका मजल्यावर चार खोल्यांना एक मोरी अशीही स्थिती दिसते. सिडकोतली टाइल्सची प्रशस्त खोली पाहून आलेल्या बापाला बेगमपुऱ्यातली खोली नको वाटते. तरीही पदव्युत्तर विद्यार्थ्यानं बेगमपुरा घ्यावा. त्या गल्ल्यांत मेस आहेत, झेरॉक्सची दुकानं आहेत, जुनी पुस्तकं फिरतात, वरच्या वर्षाचे विद्यार्थी शेजारी असतात. मात्र प्रवेश देवगिरी महाविद्यालयात किंवा शासकीय अभियांत्रिकीत असेल, तर हाच सल्ला उलटा होतो आणि स्टेशन रोड, उस्मानपुरा ही बाजू जवळची ठरते. आपला वर्ग नेमका कोणत्या इमारतीत भरणार, हे विचारल्याशिवाय या शहरात खोली पाहायला निघू नये.

इथं एक गोष्ट भाड्याच्या आधी विचारावी, ती पाण्याची. हे शहर जायकवाडीच्या पाण्यावर जगतं आणि नळाला काही दिवसांआड पाणी येतं. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, पुढं तिचा खर्च आणखी वाढला. या काळात विद्यार्थ्यानं घरमालकाला सरळ विचारावं: बोअर आहे का, मे महिन्यात आटतो का, टाकी किती मोठी, टँकरचे पैसे भाड्यात की वेगळे? परीक्षा नेमक्या उन्हाळ्यात येतात. पाण्यासाठी पहाटे रांगेत उभं राहणारा विद्यार्थी दुपारी पेपरला बसतो तेव्हा त्याचे दोन तास आधीच गेलेले असतात. येलदरी धरण आपल्याच जिंतूर तालुक्यात असूनही पाण्याचा त्रास काय असतो हे इथल्या माणसांना सांगावं लागत नाही; म्हणूनच खोली पाहताना हा प्रश्न आपण विसरतो याचं आश्चर्य वाटतं.

दुसरा आक्षेप नातेवाइकांच्या बाजूनं येतो. घरचं जेवण, लक्ष ठेवायला मोठं माणूस, भाडं नाही, मग खोली कशाला? पहिल्या पंधरा दिवसांसाठी, शहर कळेपर्यंत, हे उत्तम आहे. पण नातेवाइकाच्या घरी राहणारा विद्यार्थी हा त्या घराचा सदस्यही होतो. गॅसची टाकी, दळण, लहानग्यांची शिकवणी, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं ही कामं त्याच्याकडे येतात आणि ती नाकारता येत नाहीत, नाकारूही नयेत. मुलीच्या वाट्याला यापेक्षा जास्त येतं. नऊच्या आत घरी ये, हे मामी प्रेमानं म्हणते. तिच्या दृष्टीनं ते बरोबरच असतं. पण ग्रंथालय तोवर उघडं असतं. नातं टिकवायचं असेल तर रविवारी जेवायला जावं आणि मुक्काम विद्यापीठापाशी करावा.

तिसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा. तो सगळ्यात गंभीर आहे आणि याच आक्षेपावर कितीतरी मुलींचं शिक्षण थांबतं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. पुढं विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीटही आहे. तरी मोफत प्रवास जिथं संपतो नेमकं तिथंच विद्यापीठ सुरू होतं, अंतर वाढतं आणि घरात लग्नाची बोलणीही सुरू होतात. जुलै २०२४ मध्ये राज्यानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. निर्णय मोठा आहे. पण फी माफ झालेल्या मुलीला राहायला जागा नसेल तर ती त्या फीमाफीपर्यंत पोचतच नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली अप-डाऊन सुचवणाऱ्यांनी हिवाळ्यात सहाला अंधार पडल्यावर फाट्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या मुलीचा विचार करावा. विद्यापीठाच्या आतलं मुलींचं वसतिगृह हे पहिलं उत्तर. नाही मिळालं तर वर्दळीच्या, दिवे असलेल्या रस्त्यावरची, घरमालकीण त्याच इमारतीत राहते अशी खोली, आणि सोबत त्याच वर्गातल्या दोघी-तिघी. वसतिगृहाची दारं ग्रंथालयाच्या आधी बंद होत असतील तर तेही पालकांनी कुलगुरूंपर्यंत न्यावं. २०१५ साली दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध आवाज उठवला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

विद्यापीठाजवळ राहिलं की पोरं बिघडतात, राजकारणात पडतात, टपऱ्यांवर बसतात, असंही म्हटलं जातं. थोडं खरं आहे. मोकळ्या संध्याकाळी काहीजण वाया घालवतात. पण गावात राहणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या हातातही मोबाइल असतो आणि पारावर मंडळी असतेच. ऑनलाइन व्याख्यानांमुळं जवळ राहण्याची गरज उरली नाही, हाही युक्तिवाद करोनानंतर ऐकू येतो; व्याख्यान ऑनलाइन मिळतं, प्रयोगशाळा मिळत नाही आणि शेजारच्या खोलीतला वरच्या वर्गातला विद्यार्थी तर अजिबात मिळत नाही. अप-डाऊन योग्य ठरतं अशीही घरं आहेत, हे मान्य करायला हवं. आजारी आई-वडील, शेताची जबाबदारी एकट्यावर, लहान भावंडं, अशा विद्यार्थ्यानं गावाजवळचं महाविद्यालय घेऊन रोज ये-जा केली तर तो त्याचा पूर्ण विचारानं घेतलेला निर्णय आहे. माझा वाद विचाराविना घेतलेल्या निर्णयाशी आहे.

सगळ्यात कठीण मुद्दा वेगळाच आहे. जवळची खोली सगळ्यांना सारखी मिळत नाही. घरमालक आधी आडनाव विचारतो, गाव विचारतो, मग ‘खोली गेली’ म्हणतो. मिलिंद महाविद्यालयातूनच पदवी घेतलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांतल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. सारख्याच चौकशीला सवर्ण नावांना होकार मिळत होता, दलितांना मोठ्या प्रमाणात नकार किंवा जाचक अटी, मुस्लिमांना त्याहून अधिक नकार. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना हे नवं नाही. त्यामुळं ‘जवळची खोली निवडा’ हा सल्ला काहींच्या बाबतीत त्यांच्या हातातला नसतो आणि इथं खासगी निवडीचं काम संपून सरकारचं काम सुरू होतं. शासकीय वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मूळ दरांनुसार मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, महसुली विभागाच्या शहरांत ५१,०००, इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. त्यातला निवासाचा वाटा अनुक्रमे २०,०००, १५,००० आणि १२,०००. म्हणजे संभाजीनगरात महिन्याला साडेबाराशे आणि परभणी-नांदेडात हजार. अनुसूचित जमातींसाठी स्वयम् आणि इतर मागास, भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. मदत मोलाची आहे, पण एवढ्या पैशांत विद्यापीठाच्या दाराशी खोली मिळणं कठीण. शिवाय पैसे अर्ज, कागदपत्रं, पडताळणी होऊन मग खात्यावर येतात आणि डिपॉझिट पहिल्या दिवशी द्यावं लागतं. निवासाचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच दिला आणि विद्यापीठापासून पायी अंतरात राहणाऱ्याला वाढीव दर ठेवला, तर या योजनांचा उपयोग कितीतरी वाढेल. नवी वसतिगृहं बांधताना जमीन स्वस्त म्हणून ती शहराच्या कडेला टाकणंही थांबलं पाहिजे.

या योजनांसाठी भाड्यानं राहत असल्याचा पुरावा लागतो आणि तिथं कागद आडवा येतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी असावा लागतो आणि नोंदवावा लागतो. ही जबाबदारी घरमालकाची आहे, न केल्यास शिक्षेची तरतूद आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. विद्यार्थ्यांना खोल्या देणारे अनेक मालक कागद टाळतात. म्हणून जो मालक करार करून देतो त्याची खोली शंभर-दोनशे रुपयांनी महाग असली तरी घ्यावी.

पुढच्या जूनमध्ये लेकराचा प्रवेश करायला जाणाऱ्या बोरीकरांनी त्या दिवशी परतीची गाडी धरू नये. एक रात्र थांबावं, नऊ वाजता ग्रंथालयाच्या दारापासून पाहिलेल्या खोलीपर्यंत लेकरासोबत चालून यावं आणि मगच डिपॉझिट द्यावं. आणि गावातून शिकून परतलेल्यांनी, आज बाहेर शिकत असलेल्यांनी, कोणत्या शहरात कोणत्या गल्लीत खोली मिळते, भाडं किती, पाणी कसं, मालक करार देतो का, याची एक वही करून शाळेत आणि ग्रामपंचायतीत ठेवावी. सोयाबीन निघाल्यावर दर दिवाळीला ती नव्यानं लिहावी, म्हणजे ज्या घरातलं पहिलंच माणूस शिकायला निघालं आहे, त्याला ती जूनमध्ये तयार सापडेल.